पाकट वाढतं तसा त्याचा आहार कसा बदलतो, आणि सोलापुरात राहून हे दाखवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रबंधाला ‘पाकटाच्या आहारात वाढीनुसार होणारा बदल’ हा विषय घेतला आहे. (पाकट म्हणजे चकतीसारख्या पसरट अंगाचा मासा, इंग्रजीत ‘रे’.) समुद्री मासळी विकणाऱ्याकडून १४ पाकटं आणून उघडली. सात लहानांपैकी चारांची जठरं रिकामी निघाली, तिघांत नुसता गुलाबी रबरबाट होता. मोठ्या सातांत खेकड्यांच्या नांग्या सापडल्या. यावरून ‘लहान पाकट कमी खातं, मोठं खेकडे खातं’ असं लिहिता येईल का, एकूण नमुने किती लागतील, आणि समुद्रापासून इतक्या लांब हे काम होण्यासारखं आहे का?

असं लिहिता येणार नाही. काम मात्र होण्यासारखं आहे, पण नमुने गोळा करायची पद्धत मुळापासून बदलावी लागेल. तुम्हाला दिसलेल्या फरकात तीन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत: पाकटाची वाढ, ते ज्या पाण्यात पकडलं ती जागा, आणि बर्फात गेलेला वेळ. पहिली गोष्ट प्रबंधाचा विषय आहे. उरलेल्या दोन तिच्यापासून वेगळ्या काढल्या नाहीत तर परीक्षकाचा पहिलाच प्रश्न तुम्हाला अडवेल.

आहार खरंच बदलतो का, तर तळाशी राहणाऱ्या बहुतेक पाकटांत बदलतो, आणि हे जगभर अनेक जातींत दिसलेलं आहे. जन्मलेलं पिल्लू बशीएवढं असताना अँफिपॉड आणि मायसिड (कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव), जवळा, बारीक कोळंबी आणि पॉलिकीट (अंगावर राठ केस असलेले समुद्री) कृमी खातं. ताटाएवढं झालं की मोठी कोळंबी आणि छोटे खेकडे येतात. परातीएवढ्या पाकटात मोठे खेकडे, स्क्विला (कोळंबीसारखा, पण मोठ्या पकडीचा प्राणी), शिंपले आणि मासे. युरोपच्या किनाऱ्यावरचं काटेरी पाठीचं राजा क्लावाटा हे याचं सर्वांत जास्त अभ्यासलेलं उदाहरण. त्याची पिल्लं अँफिपॉड आणि बारीक झिंग्यांवर वाढतात, मोठी झाल्यावर पोहणारे खेकडे आणि मासे पकडतात.

कारणं प्रबंधात एका वाक्यात उरकू नका, कारण खरा विषय तिथेच आहे. पाकटाचं तोंड खालच्या बाजूला आणि डोळे वरच्या. जे खातं ते त्याला दिसत नाही. वास, पाण्याचा दाब आणि भक्ष्याच्या शरीरातून निघणारी अतिसूक्ष्म वीज यांवरून ते वाळूतला जीव शोधतं. वीज ओळखणाऱ्या लोरेन्झिनीच्या कुप्यांची छिद्रं पिल्लू जन्मतं तेव्हाच जवळपास पूर्ण संख्येने असतात. पुढे संख्या फारशी वाढत नाही, चकती वाढते तशी छिद्रं एकमेकांपासून लांब जातात आणि आतल्या नळ्या लांबतात. नळी लांब झाली की मंद विद्युतक्षेत्रही टिपता येतं. म्हणजे तोच अवयव लहानपणी जवळचं आणि बारीक शोधतो, मोठेपणी दुरून शोधू लागतो.

मग खोदणं. पाकट चकतीच्या कडा वरखाली आपटतं, तोंडातून पाण्याचा झोत मारतं आणि वाळू उडवून खड्डा करतं. लहानाचा खड्डा उथळ, मोठ्याचा खोल. मोठे शिंपले आणि मोठ्या कृमी खोल असतात, त्यामुळे ते पिल्लाच्या टप्प्यातच येत नाहीत.

आणि जबडा. पाकटाचा सांगाडा कूर्चेचा, पण शिंपले फोडणाऱ्या जातींत जबड्याच्या कूर्चेवर कॅल्शियमचा जाड थर असतो आणि आतून आधाराचे खांब असतात. दात टोकदार नसून फरशीसारखे एकमेकांना लागून बसलेले, जणू पाटा आणि वरवंटा. ऱ्हायनोप्टेरा या जातकुळीत मोजून पाहिलं तेव्हा चावण्याची ताकद शरीराच्या वाढीपेक्षा वेगाने वाढते असं दिसलं. लहान ऱ्हायनोप्टेरा पातळ कवचाचे शिंपले खातं, मोठं जाड कवचाचे. मात्र कालव जबड्याच्या फटीत मावलंच नाही तर कितीही ताकद असून उपयोग नाही. फट आणि ताकद या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आणि प्रबंधात त्या वेगळ्याच ठेवा.

आता अपवाद. सगळी पाकटं या वाटेने जात नाहीत, आणि तुमची जात कोणती यावर प्रबंधाचं निम्मं भवितव्य ठरतं. मोबुला आणि मांटा जन्मभर प्लवक गाळून खातात. एटोबॅटस जातकुळीतली पाकटं शिंपले आणि शंखांवरच इतकी विसंबून असतात की लहानमोठ्यांत भक्ष्याचा प्रकार फारसा बदलत नाही, आकार बदलतो. नार्सीन ही छोटी विजेरी पाकटं कृमीच खात राहतात. फुलपाखराच्या आकाराचं जिम्नुरा लवकरच माशांकडे वळतं. म्हणून ‘पाकटाचा आहार’ असं मोघम शीर्षक देऊ नका, जातीचं नाव घाला. आणि जात नक्की करताना सावध राहा: २०१६ मध्ये पाकटांच्या वर्गीकरणाची मोठी फेरमांडणी झाली. जुन्या भारतीय शोधनिबंधांत हिमांतुरा जेरार्डी म्हणून असलेलं पाकट आता मॅक्युलाबॅटिस जेरार्डी आहे, आणि हिमांतुरा इम्ब्रिकाटा आता ब्रेव्हिट्रायगॉन इम्ब्रिकाटा. इथे आणखी एक मोठा घोटाळा होतो. ब्रेव्हिट्रायगॉन ही जातच छोटी, पूर्ण वाढलेलं पाकटही ताटाच्या आतच राहतं. बाजारात ते मॅक्युलाबॅटिसच्या पिल्लांशेजारी पडलेलं असलं की दोन्ही ‘लहान पाकटं’ म्हणून एका टोपलीत येतात. तुमच्या सात ‘लहानां’त पूर्ण वयात आलेले ब्रेव्हिट्रायगॉन नर नाहीत ना, हे आधी तपासा. नराच्या मागच्या परांजवळचे आलिंगक (मिलनाचे दोन अवयव) कडक झाले असतील तर ते पिल्लू नाही.

आता बर्फाकडे वळतो, कारण सोलापूरकराची खरी अडचण ही आहे.

मासा मेला तरी त्याच्या जठरातलं आम्ल आणि विकरं काम करत राहतात. बर्फ ते काम मंद करतो, थांबवत नाही. रत्नागिरीच्या बंदरावर उतरलेली मासळी कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापुरात पोचेपर्यंत, आणि त्याआधी बोटीवर गेलेले तास धरले, तर जठरातलं अन्न बराच काळ पचत असतं. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात पेटीतला बर्फ वितळलेला असेल तर विचारूच नका. यात सगळ्यात आधी नाहीशा होतात पॉलिकीट कृमी. मग पातळ कवचाचा जवळा. त्यानंतर माशाचं मांस. खेकड्याच्या नांगीची टोकं आणि माकुळाची चोच सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात. लहान पाकट खातं तेच मऊ, आणि त्याचं जठरही पातळ आणि छोटं. म्हणजे बर्फाचा तडाखा लहानांच्याच नोंदीवर जास्त बसतो. तुमची चार रिकामी जठरं आणि तीन रबरबाटाची जठरं कदाचित एवढंच सांगतात की तिथे मऊ अन्न होतं.

रिकाम्या जठरामागे आणखी एक शक्यता असते. शेपटीला विषारी काटा असलेल्या पाकटाची मादी पिल्लं पोटात वाढवते आणि गर्भाशयाच्या अस्तरातून स्रवणाऱ्या दाट, स्निग्ध द्रवावर त्यांना पोसते. जन्मताना पिल्लाच्या यकृतात चरबीचा साठा असतो, त्यामुळे अगदी नवजात पिल्लाचं जठर रिकामं असणं स्वाभाविक आहे. पोटाच्या बाजूला मध्यरेषेवर नाभीची खूण ताजी दिसते का ते पाहा आणि अशा पिल्लांचा वेगळा रकाना ठेवा.

यावर उपाय एकच: जठर सोलापुरात काढायचं नाही, बंदरावरच काढायचं. पाकट विकत घेऊन आणायचीही गरज नाही. रत्नागिरीचा मिरकरवाडा किंवा दापोलीजवळचं हर्णै अशा बंदरावर महिन्यातून एकदा दोन दिवस जा. खात्याचं पत्र सोबत ठेवा, लिलाव सुरू होण्याआधी तांडेलांशी (बोटीच्या प्रमुखांशी) बोलून घ्या, जठर काढून मासा परत द्यायचा असं ठरवा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं. एक कायद्याची गोष्ट: करवत मासा, मोठा रांजा (पाकटाच्या नात्यातला लांबट मासा), काटेरी पाठीचं युरोजिम्नस ॲस्पेरिमस आणि गंगेतलं पाकट यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली २००१ मध्येच संरक्षण मिळालं आणि २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची पुन्हा बदलल्या. जात ठरवण्याआधी आजची अनुसूची मार्गदर्शकांसोबत वाचा. संरक्षित मासा मेलेला असला तरी त्याचा अवयव पिशवीत घालायचा नाही.

बंदरावर हात लावण्याआधी शेपटीचा काटा. मेलेल्या पाकटाचा काटाही तितकाच लागतो, त्याच्या दोन्ही कडांना उलटे दात असतात आणि आवरणात विष असतं. ओळखीसाठी वरून, खालून आणि शेपटीचा असे तीन फोटो मोजपट्टीसह घ्या, मग पक्कडीने काटा मुळापासून तोडा. हातापायाला लागलाच तर जखम स्वच्छ धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना यानेच ओसरते. नंतर दवाखाना, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते. छातीत किंवा पोटात घुसलेला काटा मात्र ओढायचा नाही, तसंच थेट रुग्णालयात न्यायचं.

मग मापं. चकतीची रुंदी, म्हणजे एका पराच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर, मिलिमीटरपर्यंत. एकूण लांबी घेऊ नका, शेपूट तुटलेली असते. वजन, लिंग, आलिंगक मऊ की कडक. मादीत अंडाशय उघडून पिवळी अंडी आहेत का ते पाहा, आणि अनेक पाकटांत डावीकडचाच अंडाशय कामाचा असतो हे लक्षात ठेवून डावी बाजू बघा. जाळं कोणतं, खोली किती वाव (सुमारे सहा फुटांचं माप), जाळं कधी टाकलं आणि कधी ओढलं, हे तांडेलाकडून त्याच वेळी विचारून लिहा. घरी आल्यावर आठवून लिहिलेली खोली काही कामाची नाही.

जठर इंग्रजी जे अक्षरासारखं वळलेलं असतं. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक आणि आतड्याच्या तोंडाशी एक अशा दोन दोऱ्यांच्या गाठी मारा, मग बाहेरून कापा. गाठ न मारता कापलं तर निम्मं अन्न हातावर येतं. सर्पिल झडप असलेलं आतडं या कामासाठी घेऊ नका, त्यात फक्त कठीण तुकडे उरतात आणि पुन्हा खेकड्यांचंच पारडं जड होतं. तोंडात आणि घशात ताजा, न पचलेला मासा अडकलेला दिसला तर तो जाळ्यात अडकल्यावर खाल्लेला असण्याची शक्यता मोठी; त्याची मोजणी वेगळी ठेवा. जठर तोंडातून उलटं बाहेर आलेलं असेल तर तो नमुना बाद, ‘रिकामं’ म्हणून लिहायचा नाही.

जठर सुती कापडात गुंडाळा, आत चिठ्ठी घाला. चिठ्ठी ट्रेसिंग पेपरवर शिसपेन्सिलीने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये वाहून जाते आणि सगळे नमुने निनावी होतात. द्रावण १० टक्के फॉर्मलिन: बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं द्रावण एक भाग, पाणी नऊ भाग, आणि त्यात लिटरला साधारण ४ ग्रॅम टाकणखार. टाकणखार विसरलात तर फॉर्मलिन आम्लधर्मी होतं आणि बारीक शिंपल्यांची कवचं आणि माशांचे कर्णाश्म (कानातले चुनखडीचे खडे) त्यात विरघळतात. मग तुम्ही लिहाल की लहान पाकट शिंपले खात नाही! भरलेल्या जठरात द्रावण आत पोचायला वेळ लागतो, म्हणून सुईने ५ ते १० मिली आत सोडा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा. डबा दुहेरी झाकणाचा आणि खाजगी गाडीतून आणा. फॉर्मलिनचा डबा घेऊन एसटीत चढायचं नाही.

फॉर्मलिन न्यायची सोय नसेल तर थर्माकोलच्या पेटीत तीन भाग बर्फचुरा आणि एक भाग जाड मीठ कालवा. कुल्फीवाल्याचीच युक्ती, तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली जठरं ठेवली आणि सोलापुरात येताच डीप फ्रीजरमध्ये टाकली तर काम चालतं. साधा बर्फ मात्र नको.

प्रयोगशाळेत दोन दिवसांनी जठर वाहत्या पाण्यात नीट धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. ९५ टक्क्यांचं असेल तर ७३७ मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा. उघडताना आधी भरलेल्या जठराचं वजन, मग रिकाम्याचं. आतला ऐवज अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवा.

चाळणीवर उरलेला तुमचा तो गुलाबी रबरबाट पेट्री डिशमध्ये थोड्या पाण्यात पसरा आणि डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली १० पटींवर घ्या. आधी काहीच कळत नाही. मग काळे ठिपके दिसू लागतात, मोहरीपेक्षा बारीक, काहींना छोटा देठ. ते जवळ्याचे डोळे. मांस गेलं, पाय गेले, तरी डोळे बराच वेळ टिकतात. सगळे डोळे मोजा, दोनाने भागा, तेवढा जवळा. त्याच डिशमध्ये विळ्यासारखे वाकलेले काळसर बारीक आकडे सापडले तर ते पॉलिकीटचे जबडे, आणि शेजारी रेशमाच्या धाग्यासारखे चमकणारे राठ केस असतील तर खात्रीच. खेकडा मोजताना डाव्या नांग्या आणि उजव्या नांग्या वेगळ्या करा, ज्या जास्त तेवढे खेकडे. मासे कर्णाश्मांवरून, तेही डावे-उजवे वेगळे करून. माकूळ चोचीवरून.

इथे तीन फसगती नेहमी होतात. जठरातले गोल कृमी, म्हणजे परजीवी, पॉलिकीट समजून मोजले जातात. अंग गुळगुळीत, भाग पडलेले नाहीत, केस नाहीत, दोन्ही टोकं निमुळती असतील तर तो परजीवी आहे, अन्न नाही. दुसरी, वाळू. पाकट अन्नाबरोबर वाळू गिळतं, ती वजनात धरली तर तळातलं अन्न फुगतं. तिसरी सर्वांत चकवणारी: शिंपले फोडणारी पाकटं कवचाचे तुकडे बरेचदा तोंडातूनच थुंकून टाकतात आणि मांस तेवढं गिळतात. कवच मिळालं नाही म्हणून शिंपला नव्हता असं होत नाही. मांसल पाय आणि नळ्या ओळखायला शिकावं लागतं. त्यासाठी बाजारातून तिसऱ्या (शिंपल्या), जवळा, दोन-तीन प्रकारचे खेकडे, मांदेली, बोंबील आणून त्यांचे डोळे, नांग्या, कर्णाश्म, पाय यांचा स्वतःचा संदर्भसंच बनवा. प्रत्येक अवयवाचं माप आणि मूळ जिवाचं माप सोबत लिहा, म्हणजे पुढे नांगीच्या लांबीवरून खेकड्याची रुंदी काढता येते. पाकट वाढताना खेकड्यांची संख्या वाढते की खेकड्यांचा आकार, हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत आणि ते सांगायला हा संच लागतोच. हात बसवायला पहिल्यांदा उजनीच्या मरळ किंवा शिंगाळ्यावर सराव करा, पाकटाचा नमुना शिकण्यात घालवू नका.

गट पाडताना ‘२० सेंमीपर्यंत लहान, ४० पर्यंत मध्यम’ अशा गोल आकड्यांच्या रेषा ओढू नका. नवजात, अपरिपक्व आणि परिपक्व असे शरीरानेच पाडलेले गट घ्या. विश्लेषणात मात्र चकतीची रुंदी सलग आकडा म्हणूनच वापरा. बदल नेमका कोणत्या मापाला होतो ते त्यातूनच दिसतं, गटांत ते बुजतं.

नमुने किती, याला ठरलेला आकडा नाही, पण कसोटी आहे. जठरांचा क्रम शंभर वेळा उलटसुलट करून प्रत्येक वेळी नव्या भक्ष्यप्रकारांची एकूण संख्या कशी वाढते त्याचा आलेख काढा. रेघ शेवटी आडवी झाली, म्हणजे शेवटच्या काही जठरांतला चढ ०.०५ च्या खाली आला, तर तो गट पुरेसा. हे प्रत्येक आकारगटासाठी वेगळं. व्यवहारात एका गटाला २५ ते ३० अन्न असलेली जठरं धरून योजना करा. तिसरा हिस्सा रिकामा निघेल असं गृहीत धरलं तर तीन गटांना मिळून सव्वाशेच्या आसपास पाकटं. १४ वर काहीच होत नाही.

आकडेमोडीत बहुतेक प्रबंध आयआरआय (प्रत्येक भक्ष्याचं सापेक्ष महत्त्व सांगणारा निर्देशांक) वापरतात: संख्येचा टक्का अधिक वजनाचा टक्का, गुणिले आढळाचा टक्का, म्हणजे ते भक्ष्य किती टक्के जठरांत सापडलं तो आकडा. पिंकस आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडलेला हा निर्देशांक सोपा आहे, पण पाकटांत तो एका बाजूला झुकतो. कल्पित उदाहरण घ्या. जवळा: संख्या ७०, वजन २०, आढळ ६०. खेकडा: १०, ५०, ४०. कृमी: २०, ३०, ३०. आयआरआय अनुक्रमे ५४००, २४०० आणि १५००. टक्क्यांत ५८, २६ आणि १६. आता २०१२ मध्ये सुचवलेला पीएसआयआरआय (याच निर्देशांकाचं सुधारित रूप) लावा, जो जठरागणिक टक्क्यांची सरासरी घेतो आणि आढळ दुसऱ्यांदा गुणत नाही. वरचे संख्या-वजनाचे टक्के अशी सरासरी मानले तर जवळा ४५, खेकडा ३०, कृमी २५. तेच अन्न, पण कृमींचा वाटा १६ वरून २५ वर गेला. शिवाय आयआरआयमध्ये ‘खेकडा’ हा एक प्रकार चार कुळांत विभागला की बेरीज बदलते, पीएसआयआरआयमध्ये बदलत नाही. जुन्या कामाशी तुलना करायला आयआरआय तक्त्यात ठेवा, निष्कर्ष मात्र दुसऱ्यावर काढा.

आता राहिली जागा. पिल्लं बहुधा खाडीच्या तोंडाशी, उथळ चिखलात. मोठी पाकटं बाहेर, खोल पाण्यात. पिल्लं किनाऱ्याजवळच्या जाळ्यात मिळाली आणि मोठी ट्रॉलरमधून, तर तुम्ही मोजलेला फरक पाकटाचा की तळाच्या चिखलाचा? जिथे जवळाच जवळा आहे तिथे मोठं पाकटही जवळाच खाईल. म्हणून एकाच ओढीत आलेली लहान-मोठी पाकटं सोन्यासारखी जपा, तीच सर्वांत भरवशाची तुलना. ऋतूचंही तसंच. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत नमुने मिळणार नाहीत, म्हणून बंदीआधी फक्त लहान आणि बंदीनंतर फक्त मोठी अशी विभागणी होऊ देऊ नका. दर फेरीला आकार, जाळं, महिना यांचा तक्ता भरत जा. रिकामा चौकोन दिसला की पुढच्या फेरीत तोच भरायचा. विश्लेषणात आर या मोफत प्रणालीतल्या व्हेगन पॅकेजमधलं पर्मानोव्हा (कोणत्या घटकामुळे किती फरक पडतो ते तपासणारी सांख्यिकी चाचणी) चालवताना महिना आणि जाळं आधी लिहा, चकतीची रुंदी शेवटी. पहिल्या दोघांनी उचललेला फरक वजा झाल्यावर रुंदीच्या वाट्याला जे उरतं ते वाढीचं.

लिंगाचा रकानाही सोडू नका. काही पाकटांत प्रजननकाळात नराचे चपटे दात टोकदार होतात, मादीला धरून ठेवण्यासाठी. त्या काळात मोठ्या नरांचा आहार माद्यांपेक्षा वेगळा दिसला तर तो वाढीचा परिणाम म्हणून लिहिला जाऊ नये.

मार्गदर्शक समस्थानिकांचं विश्लेषण सुचवतील, म्हणजे मांसातल्या नायट्रोजनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून आहार ओळखणं. पैसे असतील तर करा, पण दोन गोष्टी जपा. स्नायूचा तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता वेगळा गोठवा आणि विश्लेषणाआधी शुद्ध पाण्याने युरिया धुऊन काढा, कारण पाकटाच्या मांसात युरिया भरपूर असतो आणि तो नायट्रोजनचा आकडा खाली ओढतो. दुसरं, नवजात पिल्लाचं मांस आईच्या अन्नातून बनलेलं असतं. त्याचा नायट्रोजन मोठ्या पाकटासारखा किंवा वरच येतो आणि ते खाऊ लागल्यावर काही महिने उतरत जातो. हा उतार पाहून ‘पिल्लू आधी मासे खात होतं’ असं लिहिलेलं वाचनात येतं. ते चूक आहे.

आणि ती १४ जठरं टाकून देऊ नका. जात आणि माप जुळणारी १४ पाकटं बंदरावर निवडा, त्यांची जठरं तिथल्या तिथे फॉर्मलिनमध्ये घाला आणि दोन्ही संच शेजारी ठेवून मोजा: जवळ्याचे डोळे, कृमींचे जबडे, नांग्या, रिकामी किती. बंदर ते सोलापूर या प्रवासात कोणतं अन्न किती नाहीसं होतं याचा हा थेट तक्ता होईल. किनाऱ्यापासून लांबच्या शहरांत बाजारातली मासळी आणून असं काम करणाऱ्या प्रत्येकाला तो लागणार आहे. प्रबंधात त्याला स्वतंत्र प्रकरण द्या.